पौर्णिमेच्या साड्या आणि मेणाचं यंत्र

माझी नात परवा म्हणाली, "आजी, गाडी डिटेलिंगला दिलीय, उद्या येईल." मला वाटलं, कुठेतरी ठोकली. मग तिनं मोबाइलवर त्या दुकानाचा व्हिडिओ लावून दाखवला. तोंडाला मास्क, हातात मोजे, पायात पांढरे बूट असा एक देखणा मुलगा गाडीच्या बॉनेटवर गोल यंत्र फिरवत होता, इतक्या हळुवारपणे की जणू गाडीला आत्ताच डोळा लागलाय आणि तिला उठवायचं नाहीये. मी थोडा वेळ बघितलं आणि चहा माझ्या नाकात गेला. नात घाबरून पाठीवर थापट्या मारायला लागली. तिला म्हटलं, बस, सांगते काय झालं होतं, तर तिची मीटिंग सुरू झाली. म्हणून लिहून ठेवते. कागदाला मीटिंग नसते.

आम्ही तेव्हा मीरा रोडला, पेणकरपाड्याच्या अंगाला, एका तीन मजली बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहत होतो. आज तिथे उभं राहून वर बघितलं तर मान अवघडते, पण तेव्हा मागच्या दारातून थेट मिठागरं दिसायची, आणि वाऱ्याबरोबर घरात इतकं मीठ यायचं की आई आमटीत ते मुद्दाम कमी घालते असा अण्णांना कायम संशय होता. सकाळचा पहिला आवाज कोंबड्याचा नाही, टँकरच्या हॉर्नचा. तो वाजला की सगळ्या बिल्डिंगभर हंडे, कळश्या आणि बायका एकदम जिना उतरायच्या. नळाला पाणी चढायचं नाही, त्यामुळे धुणं सगळ्यांचं खाली टाकीपाशी, आणि वाळत घालायच्या दोऱ्यासुद्धा सगळ्यांच्या एकत्र, पंपाच्या खोलीपासून गेटपर्यंत. आमच्या डोक्यावर पहिल्या मजल्यावर हंसाबेन राहायच्या. आईनं तव्यावर सुकट टाकली की त्यांच्या खिडक्या पटापट बंद व्हायच्या, आणि त्यांनी कढीला फोडणी दिली की आमच्या उघडायच्या. यावरून कधी भांडण झालं नाही. खिडक्यांचीच काय ती बोलाचाली.

अण्णा, म्हणजे माझे वडील, फोर्टातल्या एका ऑफिसात ड्रायव्हर होते. ऑफिसनं नवी गाडी घेतली तेव्हा जुनी अण्णांकडे आली. काळी, गोलगरगरीत, लांब नाकाची. रंग उडून उडून ती कढईच्या बुडासारखी दिसायची. दारं लावताना तिचा आवाज असा यायचा की आत कोणी तरी खोकतंय. पण अण्णा तिला घरातल्या माणसासारखं वागवायचे, म्हणजे खरं सांगायचं तर आमच्यापेक्षा बरं. त्यांच्याशिवाय स्टेअरिंगला कुणी हात लावायचा नाही असा कायदा होता.

आणि मला नेमकं तेच हवं होतं. माझं वय असं होतं की मला सगळं येतं असं वाटायचं, आणि जे येत नाही ते करण्यात काही अर्थ नसतो असंही वाटायचं. कॉलेजात मी मैत्रिणींना आधीच सांगून ठेवलं होतं की मला गाडी चालवता येते. ते खरं करायचं एवढंच बाकी होतं. गॉगल घेऊन झाला होता. डाव्या हातानं केस मागे सारायचे आणि उजव्या हातानं गाडी वळवायची, हे मी आरशासमोर पाट घेऊन बसून बरेच दिवस घोटलं होतं. ब्रेक कुठल्या पायानं दाबतात ते मात्र माहीत नव्हतं. तो आरशात दिसत नाही ना.

अण्णांच्या मागे लागून लागून मी त्यांना इतकं पिळलं की एक दिवस जेवता जेवता ते वैतागून म्हणाले, "ज्या दिवशी त्या गाडीत तोंड दिसेल ना बेबी, त्या दिवशी स्टेअरिंग तुझं." गाडीची अवस्था बघता हे म्हणजे कधीच नाही असं सांगण्याची सभ्य रीत होती. त्यात महाडहून थोरल्या काकांचा निरोप आला होता की बुद्धपौर्णिमा झाली की मी येतो आणि गाडी गावाला घेऊन जातो, इथे उभी राहून सडतेय. आई म्हणाली, "तिथे काय नाचणार आहे? कोंबड्या अंडी घालतील तिच्यात." अण्णा ताटातला भात उगाच एका बाजूला सारत बसले. म्हणजे माझ्या हातात पौर्णिमेपर्यंतचाच वेळ होता. त्यानंतर स्टेअरिंग कोंबड्यांचं.

अशा वेळी वसंतमामा आला. आईचा धाकटा भाऊ. आखातात एका गॅरेजात गाड्यांना पॉलिश करायच्या कामावर होता. सुट्टीवर येताना त्यानं सगळ्यांना अत्तर, साबण, टॉर्च असं काय काय आणलं आणि अण्णांसाठी एक खोकं. खोक्यातून निघालं ते यंत्र बघून आई म्हणाली, "वसंता, हे काय, पुरणयंत्र?" ते होतं तव्याएवढं गोल, वर दोन बाजूंना दोन मुठी, खाली स्पंजाची गादी, आणि त्या गादीला घालायला टर्किश टॉवेलच्या कापडाची दोन टोपडी. हो, टोपडीच. तान्ह्या बाळाला घालतात तशी, कडेला इलॅस्टिकवाली. सोबत पिवळ्या मेणाचा डबा.

"ताई, हे गोल फिरता फिरता डुलतं," मामा म्हणाला. "त्यामुळे रंग जळत नाही. अगदी नवशिक्याला पण जमतं. आमचा अरबाब म्हणायचा, हे यंत्र गाढवाच्या हातात दिलं तरी गाडी चमकेल." अरबाब म्हणजे तिकडचा मालक.

मी लगेच म्हटलं, "मग मी करते."

कुणीच हसलं नाही, म्हणून मी या वाक्याचा अर्थ पुढे बरीच वर्षं लावला नाही.

मामानं मला नीट शिकवलं, त्याचा काही दोष नाही. गाडी आधी धुऊन पुसून घ्यायची. उन्हात करायचं नाही. मेण गाडीवर थापायचं नाही, टोपड्याला लावायचं, तेही बोटभर. यंत्र आधी गाडीवर टेकवायचं, मग बटण दाबायचं. उचलायच्या आधी बटण सोडायचं, यंत्र पूर्ण थांबू द्यायचं, आणि मगच उचलायचं. वायर खांद्यावरून मागे टाकायची. मेण वाळून पांढुरकं झालं की दुसरं, कोरं टोपडं घालून पुसून काढायचं. हे सगळं तो सांगत असताना मी मान हलवत होते आणि मनात गॉगल घालून वांद्र्याला पोचले होते.

पौर्णिमेचा दिवस उजाडला. त्या दिवशी बिल्डिंगमधल्या आमच्या सगळ्या बायका पांढऱ्या साड्या नेसून संध्याकाळी भाईंदरकडच्या विहारात वंदनेला जायच्या. साड्या त्याच दिवशी सकाळी टाकीवर धुवायच्या अशी रीत होती. रीत कसली, तांबेकाकूंचा हुकूम. तांबेकाकू तिसऱ्या मजल्यावरच्या, महिला मंडळाच्या अध्यक्ष. आदल्या दिवशी धुतलेली साडी त्यांना शिळ्या भातासारखी वाटायची. नीळ त्या स्वतः घालायच्या, एकाच टपात, म्हणजे सगळ्यांचा पांढरा एक यायला पाहिजे. दुसऱ्या वस्तीतल्या मंडळाचा पांढरा गेल्या वर्षी आपल्यापेक्षा उजळ होता हे त्यांच्या मनातून गेलं नव्हतं. मग खळ, मग पिळणं, मग दोरीवर कडक ताणून सहा साड्या ओळीत. पहिली अर्थात अध्यक्षांची. वैशाखाच्या उन्हात त्या तासाभरात अशा कडकडीत वाळायच्या की वाऱ्यानं पत्र्यासारख्या वाजायच्या.

घरात आई खिरीच्या मागे होती. मोठ्या टोपात दूध उतू जाऊ नये म्हणून ती जागची हलत नव्हती. दूध कमी पडेल असं वाटून तिनं मामाला आणखी आणायला पिटाळलं. अण्णा ड्यूटीवर. म्हणजे मला अडवणारं कुणीच नाही. गाडी बिल्डिंगच्या सावलीत उभी होती, दोऱ्यांपासून चार हातांवर. मी पदर खोचावा तशी ओढणी खोचली, केसांना दोन रबरं लावली आणि गॉगल घातला. सावलीत.

यंत्राची पिन इतकी जाड की आमच्या घरातल्या एकाही सॉकेटात जाईना. तशी पिन बसेल असं सॉकेट फक्त हंसाबेनच्या गॅलरीत होतं. त्यांनी तिथे वॉशिंग मशीन आणून ठेवलं होतं. बिल्डिंगमधलं पहिलं. पाणी नसल्यामुळे त्यात त्या कांदे-बटाटे ठेवायच्या. मी खालून वायर वर फेकली, त्यांनी पकडली.

"हंसाबेन, मैं बोलूंगी तो चालू करना, और मैं बोलूंगी तो बंद करना."

"हां बेटा, मैं इधरीच खडी हूँ. कुठे जाते?"

सुरुवात इतकी छान झाली की काय सांगू. यंत्र टेकवलं, बटण दाबलं, घुर्रर्र झालं, आणि ते गाडीवर असं तरंगायला लागलं की मला फक्त मुठी धरून मागे मागे जायचं होतं. वर खिडक्या उघडल्या, कुणाकडे पीठगिरणी आली ते बघायला. प्रेक्षक दिसल्यावर मी आणखी डौलात आले. काळा रंग जुना असल्यामुळे वरचा मेलेला थर सुटून टोपड्याला लागत होता. टोपडं बघता बघता काळंकुट्ट झालं, आणि त्याखालून बॉनेट असं निघायला लागलं की मीच चाट पडले. तिथे ढग दिसत होता. पूर्ण ढग, कडांसकट.

फक्त एक अडचण होती. बटण दाबून धरावं लागायचं, आणि माझं बोट दुखायला लागलं. म्हणून मी केसांतलं एक रबर काढलं आणि बटणावर दोन वेढे मारून बसवलं. आता यंत्र आपोआप चालू. माझी हुशारी बघून मी मनातल्या मनात त्या अरबाबाकडे नोकरीला लागले. डाव्या बाजूचा मडगार्ड झाला. मेण संपत आलं असं वाटून मी टोपड्यावर चांगला लाडूएवढा गोळा थापला, कारण बोटभर मेण हे गाढवांसाठी असतं. आणि मग मला दिसलं की वायर बंपरला अडकलीय. यंत्र थांबवायला हवं. रबर काढायला गेले तर ते मेणानं बरबटून घट्ट रुतलेलं. मी वर बघितलं. गॅलरीत हंसाबेन नव्हत्या. आतून त्यांच्या कुकरची शिट्टी ऐकू येत होती आणि त्या कुकरला काही तरी समजावत होत्या.

इथे कुठल्याही शहाण्या मुलीनं यंत्र गाडीवरच टेकवून ठेवलं असतं. मी ते उचललं. नुसतं उचललं नाही, ताट धुऊन निथळायला धरतात तसं उभं धरलं आणि "हंसाबेन, बंद, बंद" असं ओरडत गॅलरी दिसावी म्हणून गर्रकन वळले.

शेतात पाण्याचं कारंजं फिरतं ना, तसं झालं. लाडूएवढं मेण, त्यात गाडीचा सगळा काळा रंग, आणि समोर ओळीत सहा साड्या. टप टप टप असा आवाज आला, कडक खळीवर पाऊस पडावा तसा. मी घाबरून उलटी वळले, तर वायर कमरेला गुंडाळली गेली आणि उरलेलं परतीच्या फेरीत उडालं. मग वायर ताणली, वरून पिन निसटली आणि सगळं शांत झालं. हंसाबेन गॅलरीत आल्या, हात पुसत.

"बोली क्या बेटा? बंद करूं?"

मी गॉगल काढला. काढायला नको होता. त्याच्यावर डाग होते तोपर्यंत ते सगळे गॉगलवरचेच आहेत अशी आशा होती.

पहिल्यांदा आल्या तांबेकाकू. तिसऱ्या मजल्यावरून खाली यायला त्यांना एरवी तीन ठिकाणी बसावं लागायचं, त्या दिवशी चपला वरच राहिल्या. त्यांच्यामागे बाकीच्या. आई खीर सोडून आली, हातात डाव तसाच. सगळ्या दोरीसमोर उभ्या राहिल्या. पहिल्या साडीवर, म्हणजे काकूंच्या, सगळ्यात मोठे ठिपके, पुढच्यांवर बारीक बारीक होत गेलेले.

"सुजाता," काकू म्हणाल्या. एरवी मी सगळ्यांची बेबी. "तुझं नाव आम्ही काय म्हणून ठेवलं होतं? त्या सुजातेनं बुद्धाला खीर दिली. तू काय दिलंस?"

"मेण," मी म्हटलं. विचारलं म्हणून.

आईनं डाव माझ्याच डोक्यात घातला असता, पण त्याला खीर होती. काकू मात्र सुरू झाल्या. माझं शिक्षण, माझा गॉगल, अण्णांनी चढवलेलं डोक्यावर, सगळं काढलं. बोलता बोलता त्या गाडीला रेलल्या, वळल्या, आणि मधेच थांबल्या. बॉनेटमध्ये त्यांना स्वतःचा चेहरा दिसला होता. त्यांनी वाकून बघितलं, कानामागची बट नीट बसवली, पदर सारखा केला, आणि परत माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हां, तर काय म्हणत होते मी?"

नेमके त्याच वेळी अण्णा अर्ध्या दिवसाची रजा घेऊन गेटमधून आत आले. मी सगळं सोडून त्यांच्याकडे धावले. "अण्णा, तोंड दिसलं. आत्ता काकूंचं दिसलं. सगळ्यांनी बघितलं."

अण्णांनी दोरीकडे बघितलं, काकूंकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. गाडी पुढून नवरदेव आणि मागून कढई झाली होती. "मी तुझं तोंड म्हणालो होतो," ते म्हणाले. "तुझं आत्ता काळं झालंय. ते कसं दिसणार?"

सगळ्या बायका हसल्या आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. आता हसू येतं, पण तेव्हा मला वाटलं, संपलं. उद्या काका येणार, गाडी जाणार, आणि मी जन्मभर पाटावर बसून वळणार.

दुपारभर आमच्या घरात इस्त्री चालली. आई डागावर कोरा कागद ठेवून गरम इस्त्री फिरवायची, मेण वितळून कागदाला लागायचं, पण काळा ठिपका साडीतच राहायचा, आणि कडेनं राखाडी होऊन उलट आणखी देखणा व्हायचा. दुसऱ्या पांढऱ्या साड्या कुणाकडेच नव्हत्या. शेवटी काकूंनी ठरवलं, नेसायच्या ह्याच, पण बाजारातून असं चालत जाणार नाही. भावजींनी गाडीनं विहाराच्या दारात सोडायचं. अण्णांनी किल्ली उचलली. दोन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला मलाही पुढे बसवलं, काकूंच्या मांडीवरचं खिरीचं पातेलं सांभाळायला. 

विहाराच्या दारात दुसऱ्या वस्तीतलं ते उजळ पांढरं मंडळ उभंच होतं. चमकतं बॉनेट समोर येऊन थांबलं तशा त्या बाजूला झाल्या. काकू उतरल्या. त्या मंडळाच्या अध्यक्षबाईंनी काकूंना वरपासून खालपर्यंत बघितलं, साडीच्या काठाला हात लावला आणि विचारलं, "ताई, ही कुठली हो?"

काकूंनी श्वाससुद्धा घेतला नाही. "सुरतेची. ऑर्डर देऊन काढून घेतली. आमच्या मंडळाची अशीच असते आता."

"फिरतं ठिपक्याचं काम आहे," आमच्यातली एक मागून म्हणाली. "हातानं करतात."

मी काकूंच्या कानात म्हटलं, "काकू, आता आत जाऊन खोटं न बोलण्याचं शील घ्यायचंय ना?"

"अजून घेतलं नाही ना? मग गप," काकू म्हणाल्या आणि पातेलं माझ्या हातात देऊन आत गेल्या.

वंदना झाली, खीर वाटून झाली. परत येताना काकूंचा आवाज पहिल्या वळणावरच लागला. आपल्या गाडीपुढे त्यांची माणसं कशी बाजूला झाली ते त्यांनी सगळ्यांना सांगितलं, सगळ्या तिथेच होत्या तरी. मग त्या पुढे वाकून अण्णांना म्हणाल्या, "भावजी, गाडी गावाला पाठवू नका. आता दर पौर्णिमेला आम्हाला असंच जायचंय. रिक्षावाला चौघींना घेत नाही."

"मी रोज ड्यूटीवर असतो वहिनी. कोण नेणार?"

 मग काकू म्हणाल्या, "बेबीला शिकवा. साड्या खराब केल्यात ना? भरून दे म्हणावं." मागच्या सगळ्या हो हो म्हणाल्या. अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण गिअर बदलताना त्यांचा ओठ जरा हलला. मला अण्णा चांगले ठाऊक होते. ते हसणं गिळत होते.

काका दुसऱ्या दिवशी आले, खीर खाल्ली, तांबेकाकूंचं भाषण ऐकलं आणि एसटीनं महाडला परत गेले. जाताना मामाचं यंत्र मागत होते, ते आईनं दिलं नाही. म्हणे, पुरण वाटून बघू.

रविवारी सकाळी अण्णा मला मिठागरांच्या कच्च्या रस्त्यावर घेऊन गेले. आम्ही दोघंच जाणार होतो, पण मागे काकू आणि आणखी दोघी आधीच बसलेल्या होत्या, शिकवणी नीट होतेय का बघायला. मी स्टेअरिंगवर बसले. समोर काळं चकाकतं बॉनेट, त्यात आकाश, आणि दोन्ही बाजूंना पाण्याचे चौकोन. मी डाव्या हातानं केस मागे सारले.

"हात खाली," अण्णा म्हणाले. "क्लच सोड. हळू. हळू म्हटलं ना बेबी, हळू."

गाडी दोन उड्या मारून पुढे गेली. काकू मागून "डावीकडे घे" म्हणाल्या, दुसरी "उजवीकडे" म्हणाली, आणि मी दोघींचं ऐकलं. बांध संपला. पुढची दोन्ही चाकं मिठागराच्या काळ्या चिखलात बॉनेटसकट गेली आणि इंजिन बंद पडलं. मागे कुणी हललं नाही. दूरवर मीठ ओढणारा एक माणूस फावडं टेकवून आमच्याकडे बघत होता. मी दोन्ही हात स्टेअरिंगवर तसेच ठेवून समोर बघत राहिले. आता अण्णा म्हणणार, ऊठ. मग जन्मात पुन्हा म्हणणार नाहीत, बस.

अण्णांनी दार उघडलं, बाहेर वाकून चिखल किती खोल आहे ते नीट बघितलं, आणि दार परत लावून घेतलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "आता रिव्हर्स शिकून घे."